भक्षक माशांचे सागरी मत्स्यालय : जलगुणवत्ता आणि सहचर माशांची निवड

प्रस्तावना

14 सप्टेंबर 2004 रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील माँटेरे बे ॲक्वेरियम या संस्थेने पांढऱ्या शार्कचे एक मादी पिल्लू आपल्या सुमारे 38 लाख लिटर क्षमतेच्या टाकीत सोडले. त्यापूर्वी जगभर झालेल्या अशा प्रयत्नांत हा मासा बंदिवासात काही दिवसांपेक्षा अधिक टिकला नव्हता. येथे मात्र तो खाऊ लागला, वाढू लागला आणि तब्बल 198 दिवस राहिला. या काळात त्याचे वजन सुमारे 28 किलोग्रॅमवरून 73 किलोग्रॅमपर्यंत गेले. पाणी उत्तम होते, अन्न भरपूर होते. तरीही त्याने त्याच टाकीतील दोन सूपफिन शार्कना प्राणघातक चावे घेतले आणि 31 मार्च 2005 रोजी त्याला पुन्हा समुद्रात सोडण्यात आले. पाण्याचा प्रश्न सुटला, परंतु सहवासाचा प्रश्न सुटला नाही.

लहान मत्स्यालयांत बहुधा याच्या उलट घडते. मासे एकमेकांना खात नाहीत, पण पाणी हळूहळू बिघडत जाते. जलगुणवत्ता हा रसायनशास्त्राचा विषय आणि माशांची निवड हा प्राणिवर्तनाचा विषय, अशी आपण सोयीसाठी विभागणी करतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, भक्षक माशांच्या टाकीत हे दोन निर्णय वेगळे नसतात. टाकीत कोणता मासा सोडायचा हे ठरवताना त्या पाण्याचे भवितव्यही ठरत असते. महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात अथवा घरी अशी टाकी उभारू पाहणाऱ्यांना हा हिशेब आधीच मांडता यावा, हा या लेखनाचा हेतू आहे.

अन्नातील नायट्रोजनाचा हिशेब

भक्षक माशाचे अन्न म्हणजे मुख्यत्वे प्रथिने. प्रथिनांत वजनाने सुमारे 16 टक्के नायट्रोजन असतो. उदाहरणादाखल 2,000 लिटरची टाकी घेऊ आणि तीत आठवड्याला 500 ग्रॅम मासळी, कोळंबी व माकूल दिले जाते असे मानू. मांसात 18 टक्के प्रथिने धरली तर 90 ग्रॅम प्रथिने, म्हणजेच सुमारे 14.4 ग्रॅम नायट्रोजन दर आठवड्यास टाकीत येतो. त्यातील किमान निम्मा भाग मासे कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात असे गृहीत धरू. वाढ पूर्ण झालेल्या माशात हे प्रमाण याहूनही अधिक असते. म्हणजे 7.2 ग्रॅम नायट्रोजन 2,000 लिटर पाण्यात मिसळतो आणि प्रतिलिटर 3.6 मिलिग्रॅमची भर पडते. जिवाणूंनी त्याचे नायट्रेट केल्यावर ही भर प्रतिलिटर सुमारे 16 मिलिग्रॅम नायट्रेट इतकी होते.

दर आठवड्याला पाण्याचा ठरावीक हिस्सा बदलला तर नायट्रेट अनंत वाढत नाही. ते एका पातळीवर स्थिरावते. ही पातळी काढण्याची रीत सोपी आहे : आठवड्याची भर भागिले बदललेल्या पाण्याचा हिस्सा. वरील टाकीत दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदलल्यास नायट्रेट शेवटी 160 मिलिग्रॅमवर, 25 टक्के बदलल्यास 64 वर आणि 50 टक्के बदलल्यास 32 वर स्थिरावेल. हा आकडा गाळणीच्या किमतीवरून ठरत नाही. टाकीत किती आणि काय खाणारे मासे आहेत व पाणी किती बदलले जाते, यावरून तो ठरतो. नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करणारी विनायट्रीकरणाची व्यवस्था अथवा शैवालाची स्वतंत्र टाकी जोडल्यास तो खाली आणता येतो, परंतु हिशेबाचे मूळ बदलत नाही.

अमोनिया आणि सामू

पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो : अमोनियम आयन आणि मुक्त अमोनिया. यांपैकी मुक्त अमोनिया कल्ल्यांतून सहज आत शिरतो व विषारी ठरतो. दोहोंचे प्रमाण प्रामुख्याने सामूवर अवलंबून असते. गोड्या पाण्याच्या टाकीत सामू 7.2 असेल तर मुक्त अमोनिया एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहून कमी असतो. समुद्राच्या पाण्यात सामू 8.2 च्या आसपास असतो व 25 अंश सेल्सिअस तापमानास हे प्रमाण सुमारे 6 ते 8 टक्के होते. म्हणूनच गोड्या पाण्यातील अनुभव सागरी टाकीला जसाच्या तसा लागू करता येत नाही. आपल्या उदाहरणात जिवाणूंचे कार्य थांबले, तर अर्ध्या आठवड्याच्या अन्नातूनच प्रतिलिटर 1.8 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन साठेल व त्यातील सुमारे 0.12 मिलिग्रॅम मुक्त स्वरूपात असेल. सामान्यतः ही मर्यादा 0.02 मिलिग्रॅम मानली जाते. म्हणजे मर्यादेच्या सहापट विष केवळ तीन-चार दिवसांत तयार होते.

हे कार्य करणारे सूक्ष्मजीव स्थिर होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. त्यांच्याविषयीचे आपले ज्ञानही मत्स्यालयांनीच बदलले आहे. अमोनियाचे ऑक्सिडीकरण केवळ जिवाणू करतात अशी दीर्घकाळ समजूत होती. 2005 साली सिॲटल ॲक्वेरियमच्या उष्णकटिबंधीय सागरी टाकीतून ‘नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस’ हा आर्किया गटातील सूक्ष्मजीव वेगळा करण्यात आला आणि हे कार्य आर्कियाही करतात हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले. व्यवहारात याचा अर्थ इतकाच की, टाकीतील वाळू, दगड व गाळणीचे माध्यम हे एक जिवंत अवयव आहे. सर्व माध्यम एकाच वेळी नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुणे म्हणजे तो अवयव काढून टाकणे होय.

अल्कता आणि प्राणवायू

नायट्रीकरणात आम्ल तयार होते. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनाचे नायट्रेट होताना कॅल्शियम कार्बोनेटच्या परिमाणात सुमारे 7.14 ग्रॅम अल्कता खर्च होते. आपल्या टाकीत आठवड्याला 7.2 ग्रॅम नायट्रोजन असल्याने प्रतिलिटर सुमारे 26 मिलिग्रॅम अल्कता नाहीशी होते. नैसर्गिक समुद्रजलाची अल्कता प्रतिलिटर सुमारे 115 मिलिग्रॅम असते. म्हणजे एका आठवड्यात पाचव्या हिश्श्याहून अधिक साठा संपतो. पाणी बदलले नाही तर महिनाभरात सामू घसरू लागतो. सुमारे 86 ग्रॅम खाण्याचा सोडा ही आठवड्याची तूट भरून काढतो. मात्र तो आधी विरघळवून, अनेक हप्त्यांत द्यावा. अमोनिया साठलेल्या टाकीत सामू एकदम वाढवल्यास निरुपद्रवी अमोनियमचे विषारी अमोनियात रूपांतर होते. अशा वेळी आधी पाणी बदलावे व मगच सामू दुरुस्त करावा.

प्राणवायूची स्थितीही अशीच तंग असते. 26 अंश सेल्सिअस तापमानास गोडे पाणी प्रतिलिटर सुमारे 8 मिलिग्रॅम, तर समुद्रजल सुमारे 6.7 मिलिग्रॅम प्राणवायू धारण करते. मोठे भक्ष्य गिळल्यानंतर पचनासाठी माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि त्याच वेळी जिवाणूंचीही मागणी वाढते. त्यामुळे भरपेट अन्न दिल्यानंतरच्या काही तासांत वीज गेली, तर ती वेळ सर्वांत धोक्याची असते. वीजपुरवठा खंडित होण्याचा अनुभव असणाऱ्या गावी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हा चैनीचा भाग नसून मूलभूत गरज आहे. प्रोटीन स्किमर दुहेरी उपयोगी ठरतो. तो विरघळलेले सेंद्रिय पदार्थ अमोनिया होण्यापूर्वीच काढून घेतो आणि पाण्यात हवाही मिसळतो. परंतु एकदा तयार झालेला अमोनिया तो काढू शकत नाही.

किनाऱ्यावरून समुद्रजल आणणाऱ्यांनी ऋतूचेही भान ठेवावे. मुंबई व कोकणच्या किनाऱ्यालगत पावसाळ्यात लवणता घटते व पाणी गढूळ होते. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी साठा करणे किंवा त्या काळात कृत्रिम सागरी मीठ वापरणे श्रेयस्कर.

सहचर माशांची निवड

सहचर निवडताना ‘हा मासा रागीट आहे का’ या प्रश्नाने आरंभ करणे पुरेसे नाही. त्याऐवजी तीन प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न : तो काय गिळू शकतो? गोब्रा जातीचे मासे तोंड एकदम उघडून पाण्याच्या ओढीने भक्ष्य आत घेतात. उघडलेल्या जबड्यात मावेल असा मासा त्यांच्यासाठी सहचर नसून अन्न होय. लायनफिश संथ दिसतो, परंतु स्वतःच्या निम्म्याइतक्या लांबीचा मासाही गिळू शकतो. मोरे ईलच्या घशात दुसरा जबडा असतो व तो पुढे येऊन भक्ष्य आत ओढतो, हे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. यामुळे अरुंद देहाच्या लांबट माशालाही त्याच्यापासून अभय नसते. झेब्रा मोरे याला अपवादवत आहे. त्याचे दात खेकड्यांची कवचे फोडण्यासाठी बोथट झालेले असतात व तो माशांच्या मागे क्वचितच लागतो.

दुसरा प्रश्न : तो काय कुरतडू शकतो? ट्रिगरफिश आणि केंड यांचे दात कठीण कवच फोडणारे असतात. ते सहचराला गिळत नाहीत, पण लायनफिशचे लांब पर, पाकटाच्या कडा व डोळे यांना इजा करतात. क्लाउन ट्रिगर लहानपणी निरुपद्रवी वाटतो, मात्र प्रौढ झाल्यावर तो संपूर्ण टाकीवर हक्क सांगू लागतो. त्या तुलनेत नायजर ट्रिगर सौम्य असतो.

तिसरा प्रश्न : तो उद्या केवढा होणार? लांबी तिप्पट झाली की वजन सुमारे सत्तावीसपट होते. 15 सेंटिमीटरचा पँथर गोब्रा 45 सेंटिमीटरचा झाला की त्याचे अन्न नेमके सत्तावीसपट होत नसले, तरी दहापटीहून अधिक होते. तो पुढे 70 सेंटिमीटरपर्यंतही वाढू शकतो. येथेच सहवासाचा प्रश्न पुन्हा नायट्रोजनाच्या हिशेबाला येऊन मिळतो. खरेदीच्या दिवशी सुसह्य वाटणारी टाकी दोन-तीन वर्षांत, एकही नवा मासा न आणता, अतिभारित झालेली असते.

पोट भरलेले असले की भक्षक मासा शांत राहतो, ही समजूत अर्धसत्य आहे. 2016 च्या जानेवारीत दक्षिण कोरियातील सोल येथील कोएक्स ॲक्वेरियममध्ये सँड टायगर शार्कने आपल्याच टाकीतील एका लहान शार्कला गिळले. नियमित आहार मिळणाऱ्या सार्वजनिक मत्स्यालयातील ही घटना आहे. भूक हे हल्ल्याचे एकमेव कारण नसते. हद्द, धडक आणि अरुंद जागाही त्यास कारणीभूत होतात. म्हणून अन्न वाढवून शांतता विकत घेण्याचा प्रयत्न दुहेरी तोट्याचा ठरतो : हल्ले पूर्ण थांबत नाहीत आणि नायट्रेट मात्र वाढते.

वरील 2,000 लिटरच्या टाकीसाठी एक झेब्रा मोरे, एक लायनफिश आणि गोब्राच्या तोंडात न मावणारे एक-दोन मध्यम आकाराचे शांत मासे इतकी योजना पुरेशी आहे. यातही गोब्रा घेण्याचा मोह टाळल्यास हिशेब अधिक काळ जुळतो. निर्णय करताना सर्व माशांचा प्रौढ आकार धरून आठवड्याचे अन्न आधी लिहून काढावे, त्यावरून नायट्रेटची स्थिर पातळी काढावी आणि ती मान्य असेल तरच मासा आणावा.

उपचारांची मर्यादा

सहचर निवडीचा परिणाम औषधोपचारावरही होतो. सागरी माशांवरील पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीवर तांब्याचा उपचार प्रचलित आहे. परंतु शार्क व पाकट तांब्यास अत्यंत संवेदनशील असतात आणि अपृष्ठवंशीय प्राणी त्याने मरतात. अशा संमिश्र टाकीत एका माशाचे औषध दुसऱ्याचे विष ठरते. यासाठी प्रत्येक नव्या माशास चार ते सहा आठवडे स्वतंत्र टाकीत ठेवणे हाच खरा उपाय. बांबू शार्क ठेवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नायट्रेटची उच्च पातळी शार्कच्या अवटू ग्रंथीस आयोडीन घेण्यात अडथळा आणते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रतिलिटर 70 मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन असलेल्या पाण्यात बांबू शार्कना महिनाभरात गलगंड झाला. ‘नायट्रेट निरुपद्रवी असते’ हे विधान म्हणूनच जातिसापेक्ष आहे.

कायदा आणि जबाबदारी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूचीत 2001 साली व्हेल शार्क, शार्क-पाकटांच्या काही जाती, महाकाय गोब्रा व समुद्रघोडे यांचा समावेश झाला आणि पुढे अनुसूचींत बदलही झाले. मासा घेण्यापूर्वी प्रचलित अनुसूची तपासणे हे कर्तव्य आहे. तसेच टाकीबाहेर वाढलेला मासा समुद्रात सोडणे हा दयेचा मार्ग नव्हे. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर 1985 साली प्रथम आढळलेला लायनफिश पुढे पश्चिम अटलांटिक व कॅरिबियन समुद्रात पसरला. मत्स्यालयांतून सोडलेले मासे हे त्याचे संभाव्य मूळ मानले जाते. स्थानिक प्रवाळ भित्तिकांवरील लहान माशांना त्याची झळ आजही बसत आहे.

समारोप

माँटेरे येथील संस्थेने 2004 ते 2011 या काळात एकूण सहा पांढरे शार्क ठेवले आणि नंतर हा उपक्रम थांबवला. लाखो लिटर पाणी, तज्ज्ञांची फळी व समुद्राचे सान्निध्य असूनही ‘हा प्राणी येथे किती काळ राहू शकतो’ या प्रश्नाचे उत्तर मर्यादितच आले. आपल्या लहान टाकीला तर तो प्रश्न अधिकच निकराचा आहे. पाण्याची चाचणी आपल्याला घडून गेलेले सांगते, तर माशांची यादी पुढे काय घडणार ते सांगते. ही यादी लिहितानाच नायट्रोजन, अल्कता व प्राणवायू यांचा हिशेब मांडला, तर टाकीतील बहुतेक मृत्यू टाळता येतील. विद्यार्थ्यांसमोर ठेवण्यासही हा उत्तम पाठ आहे, कारण रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि प्राणिवर्तन हे तीन विषय येथे एकाच काचेमागे, एकमेकांना उत्तरदायी राहून वावरत असतात.