तेरा गड्यांचा खेळ परमुलखात

इंग्लंड आणि स्कॉटलंड ह्यांच्या रग्बी संघांत दरवर्षी जो सामना होतो, त्यातील विजयी संघाला मिळणारा चषक आपल्या देशातील रुपये वितळवून केलेला आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १८७३ साली कलकत्त्यातील इंग्रजांनी रग्बीचा एक क्लब काढला. पहिली काही वर्षे तो जोरात चालला. पुढे त्यातील बरेच खेळाडू ज्या पलटणीतील होते ती पलटण दुसरीकडे गेली, मागे राहिलेल्यांना बंगालच्या हवेत पोलो आणि टेनिस अधिक मानवू लागले, आणि क्लब मोडला. शिल्लक रक्कम चांदीच्या रुपयांत काढून घेण्यात आली. त्यांतील २७० रुपयांचा, नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला एक सुबक चषक घडविण्यात आला आणि १८७८ साली तो लंडनच्या रग्बी फुटबॉल युनियनला अर्पण करण्यात आला. 'कलकत्ता कप' म्हणतात तो हाच. क्लब काही वर्षांनी पुन्हा उभा राहिला खरा. परंतु बंगालच्या मनात घर केले ते दुसऱ्याच फुटबॉलने.

खेळ परमुलखात नेणे सोपे असते, त्याला तेथला रहिवासी करणे कठीण. एका बोटीतून चेंडू आणि नियमांचे पुस्तक कोठेही नेता येते. पण ज्या गावात तो उतरतो तेथल्या पोरांना तो आपला वाटावा लागतो. ह्या दृष्टीने रग्बीच्याच धाकट्या शाखेची, तेरा गड्यांच्या 'रग्बी लीग'ची, हकीकत जाणून घेण्यासारखी आहे. कारण ही शाखा जन्मापासून नवा मुलूख शोधीत हिंडत आली आहे.

तिचा जन्म झाला तो मजुरीच्या प्रश्नावरून. उत्तर इंग्लंडातील यॉर्कशर आणि लँकेशर परगण्यांत रग्बी खेळत असत ते खाणकामगार आणि गिरणीकामगार. शनिवारी सामन्याला जायचे म्हणजे त्यांचा रोज बुडे. क्लबांनी मागणी केली की बुडालेला रोज, म्हणजे दिवसाला सहा शिलिंग, भरून देण्याची मुभा असावी. लंडनच्या युनियनने १८९३ साली ही मागणी फेटाळली. खेळ हौशीचाच राहिला पाहिजे, असे तिचे म्हणणे. ज्याला शनिवारी सुट्टी आणि घरी जमीनजुमला, त्याला हौस परवडते, एवढे मात्र त्या सभेत कोणी बोलून दाखविले नसावे. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील वीसेक क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली.

वेगळ्या चुलीवर हळूहळू स्वयंपाकही वेगळा होऊ लागला. पैसे देऊन सामना पाहणाऱ्या कामगाराला मैदानावर वेग दिसला पाहिजे, म्हणून नियम बदलत गेले. १९०६ साली गड्यांची संख्या पंधरावरून तेरावर आली. चेंडू लंबगोल, तो हाताने फेकायचा तर मागच्या बाजूलाच फेकायचा, हे मूळचे नियम कायम राहिले. पण चेंडू घेऊन धावणारा धरला गेला की त्याच्यावर दोन्ही संघांचा जो ढीग पडे, तो बंद झाला. आपल्या कबड्डीत चढाई करणारा धरला गेला की बाद होतो. येथे धरलेला गडी उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून टाचेने मागच्या सोबत्याकडे ढकलतो आणि खेळ पुढे चालू होतो. पुढे, १९७० नंतर, अशी पकड सहा वेळा झाली की चेंडू प्रतिपक्षाला द्यावा लागतो, असे ठरले.

इंग्लंडबाहेर हा खेळ प्रथम नेला तो वेलिंग्टनच्या टपाल कचेरीतील एका कारकुनाने. आल्बर्ट बास्करव्हिल त्याचे नाव. त्याने १९०७ साली न्यूझीलंडमधील खेळाडू जमवून इंग्लंडचा दौरा आखला. वाटेत सिडनीला सामने झाले. तेथेही वातावरण तापलेलेच होते. एका जखमी खेळाडूला युनियनने भरपाई नाकारल्याची बोलवा होती, आणि प्रसिद्ध क्रिकेटपटू व्हिक्टर ट्रंपर ह्याच्या खेळसाहित्याच्या दुकानात असंतुष्टांच्या बैठका चालल्या होत्या. पुढच्याच वर्षी सिडनीत नव्या खेळाची स्पर्धा सुरू झाली. बास्करव्हिल मात्र परतीच्या वाटेवर ब्रिस्बेन येथे न्युमोनियाने वारला. तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. न्यूझीलंडमधील नव्या नियमांचा पहिला सामना त्याच्या विधवा आईच्या मदतीसाठी खेळला गेला.

येथवर हा खेळ एका भाषेच्या आणि एकाच धर्तीच्या कामगारवस्तीत फिरत होता. तो खऱ्या अर्थाने परक्या मुलखात गेला तो फ्रान्समध्ये.

फ्रान्सच्या दक्षिण भागात, द्राक्षमळ्यांच्या गावांतून, पंधरा गड्यांचे रग्बी आधीच लोकप्रिय होते. इतके की खेळाडूंना गुपचूप पैसे दिले जात आणि मैदानावर हाणामारी होई. कंटाळून ब्रिटनमधील संघटनांनी १९३१ साली फ्रान्सशी संबंध तोडले. आपण निष्कलंक आहो हे दाखविण्याच्या घाईत फ्रेंच संघटनेने ज्यांना शिक्षा केल्या, त्यांत जाँ गालिया हा एक होता. देशासाठी खेळलेला, धिप्पाड अंगाचा, मुष्टियुद्धातही नाव मिळविलेला हा गडी. ३१ डिसेंबर १९३३ रोजी पॅरिसमध्ये गोठलेल्या मैदानावर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया ह्यांच्यात तेरा गड्यांचा प्रदर्शनीय सामना झाला. ऑस्ट्रेलियाने ६३–१३ असा फडशा पाडला. पण प्रेक्षकांनी जो खेळ पाहिला तो त्यांना नवाच होता. दोनच महिन्यांनी गालिया सतरा गडी घेऊन उत्तर इंग्लंडच्या दौऱ्यावर निघाला. ह्यांतील बहुतेकांनी हा खेळ पूर्वी कधी खेळलेला नव्हता. सहांपैकी एकच सामना ते जिंकले, तरीही लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. ६ एप्रिल १९३४ रोजी फ्रेंच संघटना स्थापन झाली.

पुढील पाच वर्षांत जे घडले त्याला तोड नाही. १९३९ पर्यंत क्लबांची संख्या दोनशेच्या वर गेली. पंधरा गड्यांचे क्लब एकामागून एक ओस पडू लागले. १९३९ साली फ्रान्सने सेंट हेलेन्स येथे, म्हणजे इंग्लंडच्याच मैदानावर, इंग्लंडला हरविले. परक्याकडून घेतलेला खेळ शिष्याने पाच वर्षांत गुरूवर उलटविला.

आणि मग महायुद्ध आले. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, आणि मार्शल पेतँ ह्यांचे सरकार विशी ह्या गावी बसले. पराभवाचे खापर फोडायला त्या सरकारला जी डोकी सापडली, त्यांत एक धंदेवाईक खेळाचेही होते. क्रीडाखात्याचा प्रमुख होता जाँ बोरोत्रा, विम्बल्डन दोनदा जिंकलेला टेनिसपटू. इतर काही खेळांतील धंदेवाईकांना मुदत मिळाली. तेरा गड्यांच्या रग्बीला मिळाली नाही. १९ डिसेंबर १९४१ च्या फर्मानाने त्याची संघटना विसर्जित झाली आणि तिची मालमत्ता सरकारी क्रीडा समितीकडे वर्ग करण्यात आली. खेळाडूंनी पंधरांत खेळावे, नाहीतर घरी बसावे, असा ह्याचा अर्थ. खेळावर बंदी घालणारी राज्ये इतिहासात अनेक झाली. पण एका खेळाची गंगाजळी काढून घेण्याचा असा प्रसंग विरळाच. प्रतिस्पर्धी खेळातील वजनदार मंडळी ह्या निर्णयाने सुखावली होती, हेही लपून राहिलेले नाही.

देश स्वतंत्र झाल्यावर खेळ पुन्हा सुरू झाला. पैसा मात्र परत मिळाला नाही. नावही नाही! 'रग्बी' हा शब्द वापरण्याची मनाई झाल्यामुळे संघटनेने 'तेराचा खेळ' एवढेच नाव धारण केले, आणि आपले मूळ नाव मिळविण्यास तिला गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत थांबावे लागले. प्रतिकार चळवळीत काम केलेला पॉल बारिएर हा तरुण सत्ताविसाव्या वर्षी संघटनेचा अध्यक्ष झाला. १९५१ साली फ्रान्सचा संघ ऑस्ट्रेलियास गेला आणि कसोटी मालिका २–१ अशी जिंकून आला. त्या संघाचा कर्णधार प्युइग-ऑबेर बुटका, गोलसर अंगाचा, सिगारेटचा इतका शौकीन की सामना चालू असतानाही, चेंडू दूर असला तर, झुरका मारून घेई असे सांगतात. पाय मात्र असा की कोठूनही चेंडू दांड्यांच्या मधून जावा. संघ परत आला तेव्हा त्याच्या स्वागताला मार्सेलचे रस्ते माणसांनी फुलले होते.

१९५४ साली बारिएरच्या खटपटीने फ्रान्समध्ये ह्या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा भरली. पंधरा गड्यांच्या रग्बीला तशी स्पर्धा भरविण्यास १९८७ साल उजाडले, ही गोष्ट ह्या धाकट्या शाखेचे अभिमानी आजही ऐकवीत असतात. पॅरिस येथील अंतिम सामन्यात ब्रिटनने यजमानांना १६–१२ असे हरविले.

पण ज्या पाच वर्षांत वाढीचा भर यायचा ती गेली होती, आणि झाड खुरटलेच राहिले. पॅरिसमध्ये १९९६ साली ब्रिटनच्या वरिष्ठ स्पर्धेसाठी एक संघ घाईघाईने उभा करण्यात आला. पहिल्या सामन्याला सतरा हजारांवर प्रेक्षक आले, आणि दोन मोसमांत सारा डेरा उठला. पॅरिस हे मोठे शहर, तेव्हा तेथे खेळ पसरेल, असा हिशेब होता. आमच्या मते चूक तेथेच झाली. ज्या मुलखात ह्या खेळाची आठवण घराघरांत होती तो मुलूख पॅरिसपासून शेकडो मैल दूर, स्पेनच्या सरहद्दीजवळ. तेथल्या पेर्पिन्याँ शहरातील 'कॅटलान्स ड्रॅगन्स' हा संघ २००६ साली त्याच ब्रिटिश स्पर्धेत घेण्यात आला आणि तो टिकला. २०१८ साली ह्या संघाने इंग्लंडचा जुना मानाचा 'चॅलेंज कप' जिंकला. इंग्लंडबाहेरील संघाने तो जिंकण्याची ती पहिलीच वेळ. त्याच्या मैदानाला जिल्बेर ब्र्युतूस ह्यांचे नाव आहे. रग्बीचे हे शिक्षक प्रतिकार चळवळीत होते, आणि १९४४ साली नाझींच्या कैदेत असताना त्यांचा अंत झाला.

२०२५ ची जागतिक स्पर्धा फ्रान्समध्ये व्हायची होती. परंतु २०२३ साली सरकारने खर्चाची हमी देण्याचे नाकारले आणि फ्रान्सला यजमानपद सोडावे लागले. स्पर्धा वर्षभर पुढे गेली, आणि २०२६ साली ती ऑस्ट्रेलियात व काही सामने पापुआ न्यू गिनीत, असे ठरले. २०२५ साली जमैकाला हरवून फ्रान्सनेही तीत जागा मिळविली.

पापुआ न्यू गिनीचे नाव येथे निघाले ते सहज नव्हे. आठशेंहून अधिक भाषा बोलणाऱ्या, डोंगरदऱ्यांनी तुकडे पडलेल्या ह्या देशात तेरा गड्यांचे रग्बी हाच राष्ट्रीय खेळ मानला जातो. जगात दुसऱ्या कोणत्याही देशात त्याला हा मान नाही. कोणी मोहीम काढून तो तेथे नेला नाही. ऑस्ट्रेलियातून आलेले सोन्याच्या खाणीवरील लोक, महायुद्धातील सैनिक आणि पुढे सरकारी अधिकारी आपल्यापुरता तो खेळत. गोऱ्यांच्या ह्या खेळाकडे स्थानिक लोक आरंभी बाहेरून पाहात. कलकत्त्यातही हेच चित्र होते. पण येथे कुंपणाबाहेर उभे असलेले लोक आत शिरले. १९७५ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा खेळ गोऱ्यांबरोबर परत गेला नाही. राष्ट्रीय संघाने 'कुमुल' हे नाव घेतले. तेथील बोलीत कुमुल म्हणजे स्वर्गीय पक्षी, तोच त्यांच्या ध्वजावरही आहे. १९९० साली गोरोका ह्या डोंगरी गावी कुमुलांनी ग्रेट ब्रिटनला २०–१८ असे हरविले. मैदानात जागा न मिळालेल्यांची रेटारेटी आवरण्यासाठी पोलिसांनी अश्रुधूर सोडला.

तरी खेळाडूपुढे वाट अरुंदच होती. पोट भरण्याइतका पैसा ऑस्ट्रेलियात किंवा इंग्लंडात. त्यासाठी घर सोडावे लागे. २०१४ साली 'हंटर्स' नावाचा संघ ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या स्पर्धेत दाखल झाला आणि २०१७ साली ती जिंकून त्याने सर्वांना चकित केले. त्या संघातून पुढे आलेला जस्टिन ओलाम हा चिंबू ह्या डोंगराळ प्रांतातला. लाए येथील विद्यापीठात तो पदार्थविज्ञान शिकला, आणि २०२० साली मेलबर्नच्या संघातून ऑस्ट्रेलियाचे अजिंक्यपद मिळविणाऱ्यांत होता.

१२ डिसेंबर २०२४ रोजी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अल्बानीज आणि पापुआ न्यू गिनीचे पंतप्रधान मारापे ह्यांनी जाहीर केले की, ऑस्ट्रेलियाच्या वरिष्ठ स्पर्धेत २०२८ पासून पोर्ट मोर्सबीचा एक संघ खेळेल, आणि त्यासाठी व आसपासच्या बेटांवरील खेळाच्या वाढीसाठी ऑस्ट्रेलियाचे सरकार दहा वर्षांत साठ कोटी डॉलर देईल. इतका पैसा केवळ चेंडूच्या प्रेमाने कोणी देत नाही. ह्या देशाने चीनशी संरक्षणविषयक करार केला तर ऑस्ट्रेलियाला हात आखडता घेता येईल, असे तेव्हाच वृत्तपत्रांनी लिहिले. फ्रान्समध्ये सरकारने खेळाची तिजोरी काढून घेतली, येथे सरकार ती भरीत आहे. आणि जे सरकारच्या मर्जीने येते ते तिच्याच फेऱ्याने जाऊही शकते. तरीही पॅरिसच्या १९९६ च्या संघात आणि ह्या संघात मोठा फरक आहे. तेथे आधी संघ आला आणि मग प्रेक्षक शोधायचे होते. येथे प्रेक्षक पन्नास वर्षांपासून वाट पाहात आहेत.

नव्या संघाचे 'चीफ्स' हे नाव २०२५ साली जाहीर झाले. परदेशी खेळाडूंनी पोर्ट मोर्सबीत येऊन राहावे म्हणून त्यांना करमाफी आणि सुरक्षित वसाहतीची सोय योजिली आहे, कारण शहरातील गुन्हेगारीची त्यांना धास्ती वाटते. गोरोकाच्या पोरांना मात्र करमाफीचे कारण नाही. गावच्या माळावर त्यांचा खेळ तसाही अनवाणी चाललेलाच असतो.