नातेवाइकाचे भाड्याचे घर आणि नावावरील अन्यायकारक ठपका

पनवेल, कामोठे, कळंबोली या परिसरात नोकरीनिमित्त येणारी अनेक कुटुंबे प्रथम मामा, काका अथवा चुलतभावाच्या रिकाम्या सदनिकेत भाड्याने राहतात. माणसे आपलीच, म्हणून लेखी करार होत नाही आणि भाड्याची पावतीही मागितली जात नाही. पुढे वितुष्ट आले की भाडे थकवल्याचा दावा दाखल होतो, समन्स सोडलेल्या घराच्या पत्त्यावर जाते आणि भाडेकरूच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा होतो. अशा वेळी काय करता येते, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

अमेरिकेत भाडेकरूंची पूर्वमाहिती पुरविणाऱ्या खासगी कंपन्या अशा दाव्याची नोंद सर्वसाधारणपणे ७ वर्षे दाखवू शकतात. आपल्याकडे तशी अधिकृत यादी नाही. परंतु ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने दावा शोधता येतो आणि नव्या घरमालकाच्या तो सहज दृष्टीस पडतो. म्हणून ठपका दूर करायचा, तर मूळ हुकूमच रद्द करून घ्यावा लागतो.

प्रथम हुकूमनाम्याची आणि समन्स बजावणीच्या अहवालाची प्रमाणित नक्कल मिळवावी. समन्स रीतसर बजावले गेले नव्हते अथवा गैरहजेरीला सबळ कारण होते, हे दाखविल्यास दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ९, नियम १३ अन्वये त्याच न्यायालयात हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज करता येतो. मुदत ३० दिवसांची असते. समन्स रीतसर बजावले नसेल, तर ती हुकूमनामा कळल्या दिवसापासून मोजतात. मात्र तारखेची माहिती आपल्याला होती असे दिसल्यास, बजावणीतील केवळ किरकोळ त्रुटी उपयोगी पडत नाही. हुकूम भाडे नियंत्रण कायद्याखालील सक्षम प्राधिकाऱ्याचा असेल, तर ९० दिवसांत पुनरीक्षण अर्ज करावा लागतो.

करार नाही म्हणून भाडेकरूने खचून जाऊ नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. तसा करार नसल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. बँकेच्या नोंदी आणि मोबाइलवरील संदेश म्हणूनच जपून ठेवावेत.

नाते टिकवायचे असल्यास लोकअदालतीचा मार्ग आहे. दावा प्रलंबित असताना, किंवा हुकूमनामा रद्द होऊन तो पुन्हा सुरू झाल्यावर, तेथे तडजोड करता येते. ‘भाड्याची कोणतीही बाकी नाही, आरोप मागे घेतले आहेत’ असे तडजोडीत स्पष्ट लिहून घ्यावे. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

हुकूम रद्द झाला तरी दाव्याची नोंद संकेतस्थळावरून आपोआप नाहीशी होत नाही. नव्या आदेशाची प्रमाणित नक्कल जवळ बाळगावी आणि घर पाहताना ती स्वतःहून दाखवावी.

ज्यांनी अद्याप करार केलेला नाही, त्यांनी तो आजच नोंदवावा, अशी आमची विनंती आहे. आपल्या माणसाकडे करार मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे नव्हे. त्यामुळे दोघांचेही नाव आणि नाते सुरक्षित राहते.