उजळलेला किल्ला, सरकते तारे

समोर उजळलेला किल्ला आणि माथ्यावर ताऱ्यांनी गच्च भरलेलं आकाश, असं छायाचित्र वर्गात दाखवलं की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, 'हे खरं आहे का?' प्रश्न चांगला आहे. उत्तरासाठी थोडा हिशेब करू.

पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला सुमारे १५ अंश सरकताना दिसतं. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर असून भिंगाचं नाभीय अंतर २४ मिलिमीटर आहे असं समजा. मृग नक्षत्रातल्या बाणाच्या ताऱ्यांची प्रतिमा मग कॅमेऱ्याच्या संवेदकावर सेकंदाला सुमारे पावणेदोन मायक्रॉन सरकते. पिक्सेल ६ मायक्रॉनचा असेल, तर साडेतीन सेकंदांत तारा शेजारच्या पिक्सेलवर जातो. छायाचित्रकारांचा जुना नियम सांगतो की ५०० ला नाभीय अंतराने भागावं. इथे उत्तर येतं २१ सेकंद. तेवढ्यात सहा पिक्सेलांची रेघ उमटते. फिल्मच्या काळात लहान छपाईत ती खपून जाई. आज पडद्यावर मोठं करून पाहिलं की डोळ्यांत भरते.

यातून एक गंमत निघते. शटर जास्त वेळ उघडं ठेवल्यास ताऱ्याची रेघ लांबते, पण उजळ होत नाही; कारण प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला तारा तेवढेच क्षण येतो. किल्ल्याची भिंत मात्र जागची हलत नाही, तिचा प्रकाश साठतच जातो.

हा प्रकाश आणायचा कुठून? पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या सुमारे चार लाखांश उजेड देतो. भर उन्हात एफ-१६ छिद्र, संवेदनशीलता १०० आणि सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. छिद्र एफ-२.८ केलं की ३२ पट आणि संवेदनशीलता १६०० केली की १६ पट, असा एकूण ५१२ पट फायदा मिळतो. उरलेली भरपाई वेळेने करायची, म्हणजे सुमारे ८ सेकंद. चित्र चक्क दिवसासारखं येतं. गवत हिरवं, आकाश निळं आणि त्यात तारे! एवढ्या मंद उजेडात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी जवळजवळ निकामी असतात, म्हणून आपल्याला ते रंग दिसत नाहीत इतकंच.

पण पौर्णिमेला अंधुक तारे चांदण्यात बुडतात. आमची पसंती शुक्ल अष्टमीला. अर्धा चंद्र निम्मा उजेड देईल असं वाटतं. प्रत्यक्षात तो जेमतेम दहावा हिस्सा देतो, कारण तिरप्या उन्हात चंद्राची खडबडीत जमीन सावल्यांनी भरते. मग २० सेकंदांतही किल्ला दिवसाच्या पावपटच उजळतो, आणि रात्र रात्रीसारखी दिसते. शिवाय मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र मावळतो. कॅमेरा न हलवता आधी किल्ला टिपायचा, नंतर काळोखातले तारे, आणि दोन्ही चित्रं जोडायची.

मग ते खरं का? कॅमेरा तिथेच होता आणि दोन वेळा चित्राखाली लिहिल्या असतील, तर आमच्या मते हो. दुसऱ्या गावची आकाशगंगा आणून किल्ल्यावर चिकटवली, तर नाही.

अमावास्येला विजेरी वापरता येते, पण व्यस्त वर्गाचा नियम आडवा येतो. भिंत २० मीटरवर आणि झुडूप १० मीटरवर असेल, तर झुडपावर चौपट प्रकाश पडून ते पांढरंफटक होतं. म्हणून विजेरी कॅमेऱ्याजवळून न मारता बाजूला जाऊन, भिंतीवर फिरवत, एकदोन सेकंदच मारावी.