लिफाफ्यावर मुलाचं नाव

अमेरिकेत सात वर्षांच्या मुलाच्या नावाने क्रेडिट कार्डाची ऑफर टपालाने येते, ‘तुमची आधीच निवड झाली आहे’ अशा मजकुराची. मग घरात एक तर हशा पिकतो आणि लिफाफा केराच्या टोपलीत जातो, नाहीतर ‘पोराची ओळख चोरीला गेली’ म्हणून सगळे धास्तावतात. दोन्ही घाईचं आहे. पत्र उलटसुलट करून नीट वाचलं तर बरंच काही कळतं. अशा ऑफर दोन वाटांनी येतात. एक वाट साध्या जाहिरात-याद्यांची. मुलाच्या नावाने बचत खातं उघडलं, मासिक लावलं किंवा विमान कंपनीच्या मैलांच्या योजनेत त्याला घातलं की ते नाव फिरू लागतं, आणि यादीला वय ठाऊक नसतं. दुसरी वाट क्रेडिट ब्युरोंची. इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या कंपन्या लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवतात आणि ठरावीक निकषांत बसणाऱ्यांची नावं बँकांना पुरवतात. अशा पत्रावर ‘या ऑफर नको असतील तर अमुक नंबरवर कळवा’ ही ‘प्रीस्क्रीन’ सूचना किमान १२ पॉइंटच्या टायपात छापावीच लागते. २००९ च्या कार्ड कायद्यानुसार तर २१ वर्षांखालच्या व्यक्तीचं नाव तिच्या संमतीवाचून अशा यादीत देता येत नाही. म्हणजे ही सूचना छापलेलं पत्र सात वर्षांच्या मुलाला आलं, तर त्याच नावाच्या कुणा मोठ्या माणसाशी गल्लत झाली असेल, नाहीतर ब्युरोकडे मुलाच्या नावाची फाइल आहे आणि तीत जन्मतारीख चुकीची आहे किंवा मुळात नाहीच. (बापलेकांचं नाव एकच ठेवण्याची रीत तिकडे आहे, त्यातून अशा गल्लती होतात. आपल्याकडे बापाचं नाव मधे येतं, म्हणून हे कारण मराठी घरात सहसा लागू पडत नाही.) सूचना नसलेलं पत्र बहुधा केरातच जायच्या लायकीचं.

सगळ्यात पक्का गैरसमज मात्र वेगळाच आहे: ज्याच्या नावावर दमडी नाही, त्याचं चोरणार काय? चोराला हवी असते ती नेमकी ही कोरी पाटी. मोठ्या माणसाच्या नावावर कुणी कर्ज काढलं तर महिन्या-दोन महिन्यांत बोंब होते. मुलाच्या बाबतीत कुणी बघतच नाही, अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत. अमेरिकेत १९८७ पासून जन्मनोंदणीबरोबरच सोशल सिक्युरिटी नंबर मागण्याची सोय आहे. भामटा मुलाचा हा नंबर घेतो, त्याला दुसरंच नाव आणि मोठ्या माणसाची जन्मतारीख जोडतो आणि एक माणूस ‘तयार’ करतो. नंबरावरून वय बँकेला कळेलच, हा भरवसा खोटा आहे. पूर्वी नंबराच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून तो कोणत्या राज्यात आणि साधारण केव्हा दिला गेला याचा अंदाज यायचा. २५ जून २०११ पासून नंबर यादृच्छिक झाले आणि तो अंदाजही गेला. २०१८ च्या कायद्यानंतर नाव, नंबर आणि जन्मतारीख जुळते का, हे सरकारी यंत्रणेकडून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पडताळण्याची सोय २०२० मध्ये बँकांना मिळाली, पण ती वापरायची की नाही हे बँकेवर आहे.

हे प्रमाण किती, हे सांगताना जपून बोलावं लागतं. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या २०११ च्या अहवालात तपासलेल्या चाळीस हजारांहून अधिक मुलांपैकी १०.२ टक्के मुलांचा नंबर दुसरंच कुणीतरी वापरत असल्याचं दिसलं. हा आकडा सर्रास ‘दहातलं एक मूल’ म्हणून फिरवला जातो. ते चूक आहे. ही मुलं ओळखचोरीपासून संरक्षण देणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांतली होती, सरसकट निवडलेली नव्हती. जॅव्हलिन या संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१७ मध्ये दहा लाखांहून अधिक मुलं अशा फसवणुकीला बळी पडली. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे: यातल्या सुमारे ६० टक्के प्रकरणांत फसवणारा माणूस ओळखीतलाच होता. कार्डं, जन्मदाखले कोणत्या कपाटात असतात हे परक्याला कुठून माहीत असणार!

यावर कुणी म्हणेल, अज्ञानाशी केलेला करार कायद्याने टिकतच नाही, मग भ्यायचं कशाला? आपल्याकडे तर मोहरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्येच असा करार मुळातून रद्दबातल ठरवला आहे. खरं आहे. अमेरिकेतही ते कर्ज मुलाला फेडावं लागत नाही. पण ब्युरोची नोंद निकालपत्र वाचून आपोआप पुसली जात नाही. ती खोटी आहे हे कागद जोडून पालकांनी किंवा त्या तरुणाने दाखवायचं असतं, आणि ही वेळ नेमकी शिक्षणकर्ज किंवा भाड्याचं घर हवं असताना येते. सरकारलाही हे पटलेलं दिसतं. पालनगृहांतल्या मुलांचे क्रेडिट अहवाल दरवर्षी तपासून देणं २०११ च्या कायद्याने राज्यांना बंधनकारक केलं. तेव्हा वयाची अट १६ होती, २०१४ मध्ये ती १४ वर आणली.

उपाय फुकट आहे, तरी दुर्लक्षित. २१ सप्टेंबर २०१८ पासून १६ वर्षांखालच्या मुलाची क्रेडिट फाइल पालक विनाशुल्क ‘फ्रीज’ करून घेऊ शकतात. फाइल नसेल तर ब्युरोला गोठवण्यापुरती नोंद तयार करावी लागते. पालकांचं ओळखपत्र, मुलाचा जन्मदाखला आणि नंबराचं कार्ड यांच्या प्रती पाठवायच्या. आक्षेप असा की, २०१७ मध्ये ज्या इक्विफॅक्समधून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती फुटली, तिलाच पोराचा नंबर द्यायचा? आक्षेप रास्त आहे, उपरोध तर त्याहून मोठा. पण तो नंबर दवाखाना, विमा कंपनी आणि बऱ्याचदा शाळा यांच्याकडे आधीच असतो. न कळवल्याने तो लपत नाही. फ्रीज केल्याने निदान त्यावर नवं कर्ज काढणं अवघड होतं. सात वर्षांच्या मुलाला कर्ज काढायचं नसल्याने अडचणही होत नाही. फ्रीजच्या मर्यादा आहेतच. मुलाचा नंबर दुसऱ्याने आपल्या आयकर विवरणात घातला तर फ्रीज तो थांबवत नाही. त्यासाठी आयकर खात्याचा वेगळा पिन मुलाच्या नावानेही मिळतो.

तिकडे जन्मलेलं मूल घेऊन पुण्याला किंवा नाशिकला परतलेल्या कुटुंबांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. मूल इथल्या शाळेत रमलं तरी तो नंबर तिकडे चालूच राहतो, आणि लिफाफा आलाच तर तो जुन्या पत्त्यावर, दुसऱ्याच कुणाच्या टपालपेटीत पडतो. फ्रीजचा अर्ज तिन्ही ब्युरोंना वेगवेगळा करावा लागतो. एकीला कळवलेलं दुसरीला कळत नाही.