कार्डाचं पाळण्यातलं नाव

सर्व्हरमध्ये दोन नेटवर्क कार्डं होती. एक अडलं तर दुसऱ्याने काम उचलावं म्हणून लिनक्समध्ये दोघांची जोडी, म्हणजे ‘बाँडिंग’, केलेली. एका रात्री त्यांतल्या एकाची लिंक सारखी तुटू लागली. कार्डांच्या खोक्यांवरची पत्त्यांची स्टिकरं मी जपून ठेवली होती. पण पडद्यावर दोन्ही कार्डं एकच पत्ता सांगत होती! जोडी करताना लिनक्स सहसा पहिल्या कार्डाचा पत्ता दुसऱ्यालाही देतं. मग बदलायचं कोणतं?

हा हार्डवेअर पत्ता, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस, ४८ बिटांचा असतो आणि बारा चिन्हांत लिहितात. पहिली सहा चिन्हं ‘आयईईई’ ही संस्था कंपनीला नेमून देते, उरलेली कंपनी ठरवते. ४८ बिटांत सुमारे २८१ लाख कोटी पत्ते मावतात. जगातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा वेगळा क्रमांक असावा, ही कल्पना योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ च्या निबंधात मांडली. दलाल पवईच्या आयआयटीत शिकलेले. मुंबईच्या शाळांतल्या मुलांना हे आवर्जून सांगायला हवं.

कारखान्यात हा पत्ता कार्डावरच्या छोट्या चिपमध्ये लिहिला जातो. संगणक सुरू झाला की ड्रायव्हर तो वाचतो आणि लिनक्स त्याची नोंद दोन ठिकाणी ठेवतं: एक वापरातला पत्ता, एक कायमचा. आपण पत्ता बदलतो तेव्हा फक्त वापरातला बदलतो. पाळण्यातलं नाव तसंच राहतं. (वापरातल्या पत्त्याचं दुसरं चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा कारखान्यातला नव्हे, नंतर दिलेला. अँड्रॉइड १० पासूनचे फोन वाय-फायवर असेच पत्ते घेतात. माणसाचा माग काढणं त्यामुळे अवघड होतं आणि ते योग्यच आहे.)

मूळ पत्ता विचारायचा तो ‘ईथटूल’ या आज्ञेला. आज्ञेपुढे डॅश, कॅपिटल पी आणि कार्डाचं नाव, उदाहरणार्थ एथ०. उत्तरात ‘पर्मनंट अ‍ॅड्रेस’ येतो. अक्षर मात्र जपून लिहावं, कारण लहान पीचं काम निराळं आहे.

त्या रात्री दोन्ही कार्डांना कॅपिटल पीने विचारलं आणि पत्ते वेगवेगळे आले. तुटणाऱ्या कार्डाची शेवटची चार चिन्हं दुसऱ्या खोक्यावरच्या स्टिकरशी जुळली. मग लहान पी दिला. रॅकच्या मागे जाऊन पाहिलं, तर खालच्या कार्डाचा दिवा लुकलुकत होता.