पोरीच्या पोटातला गोळा चोळून जात नाही

'स्वादुपिंडाचा कॅन्सर? मग संपलंच.' उतारवयात होणाऱ्या नेहमीच्या कॅन्सरबाबत ही धास्ती निराधार नाही. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या सोनोग्राफीत तिथं गाठ दिसली, तर ती बहुधा निराळी असते. तिचं नाव सॉलिड स्युडोपॅपिलरी निओप्लाझम. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया फ्रांट्झ यांनी तिची नोंद केली, म्हणून 'फ्रांट्झ ट्यूमर'ही म्हणतात. दहापैकी जवळपास नऊ रुग्ण मुली-बायकाच. गाठ सावकाश वाढते, क्वचितच पसरते. पूर्ण काढली तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणी पाच वर्षांनंतरही हयात असतात. एवढी आशा असताना उपचार सोडून मुलीला घरी नेणं हाच खरा घात.

'गोळा सरकला, चोयून घ्या.' हे आपल्या वऱ्हाडात अजून चालतं. मेळघाटात तर फुगलेल्या पोटावर तापल्या लोखंडाचा डंबा देतात. दोन्हींनी गाठ जात नाही. उलट पोटावर जोराचा दाब किंवा मार बसला तर ती फुटून आत रक्तस्राव होऊ शकतो.

'पाण्याची गाठ आहे, सुईनं काढू.' इथं डॉक्टरही फसू शकतात. स्वादुपिंडाला सूज येऊन किंवा मार लागून पाणी साचतं, तेही दिसायला असंच. तसं काही घडलेलं नसेल तर कॉन्ट्रास्ट देऊन सीटी किंवा एमआरआय मागावा. रक्तातली सीए १९-९ चाचणी या गाठीत बहुधा नॉर्मलच येते. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

'ऑपरेशन झालं की पोरगी वांझ होईल, लग्न कसं जमेल?' गर्भाशयाला हातच लागत नाही. गाठ स्वादुपिंडाच्या शेपटाकडे असेल तर तेवढा भाग काढतात, प्लीहा वाचवायचा प्रयत्न करतात. डोक्याकडे असेल तर ऑपरेशन मोठं असतं. उरलेलं स्वादुपिंड बहुतेकींना पुरतं, काहींना मधुमेह होऊ शकतो. केमोची गरज सहसा पडत नाही.

'एवढा पैसा कुठून आणायचा?' पहिली तपासणी अमरावतीच्या इर्विन किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात करता येते. ऑपरेशन मात्र स्वादुपिंडाचा सराव असलेल्या सर्जनकडेच, नागपूरला किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. आपलं ऑपरेशन त्यात बसतं का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरतीआधी विचारावं.

प्लीहा काढावीच लागली तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिबच्या लसी चुकवू नयेत. गाठ काही वर्षांनी परतू शकते आणि तेव्हाही काढता येते, म्हणून लग्न होऊन मुलगी सासरी गेली तरी तपासणीची फाईल तिच्यासोबत द्यावी.