जरा मागं घे

आत्याच्या कपाटात आजीच्या आवाजाच्या चौदा कॅसेटी आहेत. १९८८ च्या हिवाळ्यात काकाने ओसरीवर टेपरेकॉर्डर ठेवला आणि आजीला बोलतं केलं. नागपूरकर भोसल्यांच्या काळात आमची माणसं नर्मदेकाठी कशी आली, गोलबाजाराकडे तेव्हा काय होतं, सासूबाई ग्वारीघाटाला स्नानाला निघाल्या की घरी कोण काय करायचं, असं सगळं त्यात आहे. बोली आमची जबलपुरी मराठी, म्हणजे "काय करून राहिला" म्हणणारी आणि मध्येच हिंदीत शिरून परत येणारी. आत्याने ठरवलं की हे सगळं वहीत उतरवून काढायचं. मी कॅसेटी संगणकावर घेतल्या, तिच्यासमोर लॅपटॉप ठेवला आणि एक तयार प्लेअर उघडून दिला. दहा मिनिटांत तिची हाक आली, "अरे, हे जरा मागं घे ना. शब्द निसटला."

त्या "जरा मागं घे" साठी मी तिला स्वतःचा प्लेअर लिहून दिला. ज्या यंत्रावर तो उभा आहे त्याचा हा परिचय.

यंत्राचं नाव मीडियाएलिमेंट. विंडोजवर खिडक्या, बटणं, याद्या रचण्यासाठी डब्ल्यूपीएफ नावाचा संच आहे. २००६ च्या अखेरीला डॉटनेट ३.० बरोबर तो बाहेर आला. तयार होत असताना त्याचं नाव ॲव्हलॉन होतं. २०१८ च्या डिसेंबरात त्याचा कोड सर्वांसाठी खुला झाला. या संचात बटण जसा एक घटक आहे तसाच मीडियाएलिमेंट हाही एक घटक. बटण ठेवलं की बटण दिसतं, हा ठेवला की चित्रफीत दिसते आणि आवाज ऐकू येतो. फाईल उलगडण्याचं खरं काम तो स्वतः करत नाही. विंडोज मीडिया प्लेअरचं यंत्र आत काम करतं, हा त्याच्या दारात उभा राहून आपले हुकूम आत पोचवतो आणि आतल्या बातम्या बाहेर देतो.

हुकूम मोजके आहेत: प्ले, पॉज, स्टॉप, क्लोज. पॉज केलं की जागा तिथेच राहते. स्टॉप केलं की सुरुवातीला परत. क्लोज केलं की फाईल हातातून सुटते. पॉज आणि क्लोज यांतला फरक कामाच्या वेळी कळतो. नुसतं थांबवून त्या फाईलचं नाव बदलायला गेलं तर विंडोज बदलू देत नाही, कारण ती अजून उघडीच असते.

पण हे हुकूम पहिल्या दिवशी चालतच नाहीत. मूळ रीत अशी की मीडियाएलिमेंट खिडकीत आला की आपणहून वाजायला लागतो. लोडेडबिहेवियर नावाची एक खूणगाठ असते आणि तिची मूळ किंमत 'प्ले' असते. ती बदलून 'मॅन्युअल' केल्याशिवाय आपण पॉजचा हुकूम दिला तर तो हुकूम नाकारतो आणि प्रोग्रॅम तिथेच अडतो. नवख्याला हे आडमुठेपणाचं वाटतं. मला ते रास्त वाटतं. वाजणं-थांबणं आपलं आपण बघायचं की दुसऱ्याच्या हातात द्यायचं, हे त्याला आधी स्पष्ट हवं असतं. एकाच गाडीचा लगाम दोघांच्या हाती दिला की काय होतं ते पुढे येणारच आहे.

दुसरी गोष्ट धीराची. फाईलचा पत्ता दिला आणि लगेच विचारलं की ही किती मिनिटांची आहे, तर उत्तर मिळत नाही. पत्ता देणं आणि फाईल उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उघडण्याचं काम मागे चालू असतं आणि आपला कोड तोवर पुढे गेलेला असतो. फाईल खरोखर उघडली की मीडियाओपन्ड ही वर्दी येते. तेव्हाच नॅचरलड्युरेशन, म्हणजे एकूण लांबी, विचारायची. उघडता आली नाही तर मीडियाफेल्ड अशी वर्दी येते, आणि ती ऐकणारा कोणी ठेवला नसेल तर पडदा मुकाट काळा राहतो. आत्यासमोर असं होऊ नये म्हणून मी त्या वर्दीवर सरळ मराठीत वाक्य ठेवलं: फाईल सापडली नाही, पेनड्राइव्ह लावला आहे का?

आता स्लायडर. माझा सगळ्यात जास्त वेळ याच पट्टीने घेतला.

काकाच्या टेपरेकॉर्डरवर तीन आकड्यांचा काउंटर होता. काका रिज रोडच्या दूरसंचार प्रशिक्षण केंद्रात शिकून आलेला, शिस्तीचा माणूस. त्याने प्रत्येक कॅसेटच्या कागदावर आकडे लिहून ठेवलेत: ०४७ लग्न, २१३ पूर, ३८० पाटीलवाड्याची गोष्ट. मी हे आकडे मिनिटांत बदलायला बसलो आणि हिशेब जुळेना. कारण तो काउंटर वेळ मोजत नाही. टेप ज्या चकतीवर गुंडाळली जाते तिचे फेरे तो मोजतो. टेप सरकते सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, शेवटपर्यंत तेवढीच. पण चकतीवरची गुंडाळी जाड होत गेली की एका फेऱ्यात जास्त टेप मावते, म्हणून शेवटचे दहा आकडे सुरुवातीच्या दहा आकड्यांपेक्षा जास्त वेळ खातात. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला सुमारे ८६ मीटर टेप असते. ती कुठवर आली हे काउंटर अंदाजाने सांगतो.

मीडियाएलिमेंटकडे याचं चोख उत्तर आहे. त्याचं नाव पोझिशन. पण ते आपणहून कोणी सांगत नाही, विचारावं लागतं. जागा बदलली अशी वर्दी या घटकात नाहीच. म्हणून टायमर लावायचा, त्याने दर पाव सेकंदाला पोझिशन विचारायची आणि स्लायडरचा मणी तेवढा पुढे सरकवायचा. हा झाला एक रस्ता, यंत्राकडून पट्टीकडे. दुसरा रस्ता उलटा: माणूस मणी ओढतो, तेव्हा पट्टीने यंत्राला सांगायचं की इथे ये.

दोन्ही रस्ते मी जोडले, प्ले दाबलं, आणि आजी अडखळायला लागली. "नर्मदा" हा शब्द "न-नर्-र्म-दा" असा येत होता. मला आधी वाटलं कॅसेट खराब झाली, मग वाटलं फाईल घेताना चूक झाली. प्रत्यक्षात चूक माझ्याच जोडणीत होती. टायमर मणी सरकवत होता. मणी सरकला की पट्टी म्हणत होती, माणसाने ओढलं, इथे ये. यंत्र बिचारं सेकंदातून चार वेळा, जिथे आधीच होतं त्याच्या केसभर मागे उडी मारत होतं. लगाम दोघांच्या हाती होता तो हा. मणी कोणी हलवला, टायमरने की माणसाने, हे पट्टीला कळत नाही. तिला फक्त किंमत बदललेली कळते.

उपाय साधा आहे, पण समजून करावा लागतो. मणी पकडला की ड्रॅगस्टार्टेड अशी वर्दी येते. तेव्हापासून टायमरने पट्टीला हात लावायचा नाही. मणी सोडला की ड्रॅगकम्प्लीटेड, तेव्हा एकदाच पोझिशन बदलायची आणि टायमरला पुन्हा मोकळं करायचं. टायमरने स्वतः मणी सरकवला तर त्याकडे यंत्राने लक्ष द्यायचं नाही. आजी पुन्हा नीट बोलू लागली.

तरी आत्याची तक्रार आली, "इथे दाबलं तर काही होतच नाही." ती मणी ओढत नव्हती, पट्टीवर बोट दाखवावं तसं क्लिक करत होती. मी लांबी मिलिसेकंदात ठेवली होती. अर्ध्या तासाची बाजू म्हणजे १८,००,००० मिलिसेकंद, आणि पट्टीवर क्लिक केलं की मणी मूळ रीतीने एका एककाने सरकतो. म्हणजे एका मिलिसेकंदाने! काही होत नव्हतं असं नाही, पण जे होत होतं ते कोणाला दिसणार? इझमूव्हटूपॉइंटएनेबल्ड ही सोय चालू केली की मणी थेट बोटाखाली येतो. या क्लिकमध्ये ओढणं नसतं, म्हणून ड्रॅगची वर्दीही येत नाही आणि त्याची वेगळी काळजी घ्यावी लागते. पुस्तकात ही एक ओळ असते. आत्याच्या बोटाने मला ती शिकवली.

चित्रफितीत उडी मारणं आणखी किचकट आहे. भेडाघाटला धुवांधारचा व्हिडिओ काढला तर त्यातलं प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. मध्ये मध्ये एक चित्र पूर्ण असतं, बाकीची फक्त आधीच्यापेक्षा काय बदललं एवढंच सांगतात. मधल्या कुठल्याही जागी जायचं तर आधीच्या पूर्ण चित्रापर्यंत मागे जाऊन तिथून पुढे उलगडत यावं लागतं. थांबवलेल्या चित्रात मणी ओढताना चित्र बदलताना दिसायला हवं असेल तर स्क्रबिंगएनेबल्ड चालू करावं लागतं, मूळ रीतीने ते बंद असतं. आम्हाला आवाजापुरतं काम होतं, म्हणून मी तिकडे फारसा गेलो नाही.

आवाजाच्या पातळीचं मात्र सांगायला हवं. व्हॉल्यूम शून्य ते एक असा सरळ मोजपट्टीत असतो आणि मूळ किंमत ०.५ असते. कान मात्र सरळ मोजत नाहीत, ते पटीत ऐकतात. पट्टी अर्ध्यावर आणली तर आवाज सहा डेसिबलने उतरतो, आणि माणसाला तो जेमतेम थोडा कमी वाटतो. ऐकणाऱ्याला अर्धा वाटायला साधारण दहा डेसिबल उतरावं लागतं, म्हणजे पट्टी ०.३२ च्या आसपास. त्यामुळे पट्टीचा वरचा भाग नुसता सरकवत राहावा लागतो आणि खालच्या थोड्याशा भागात सगळा आवाज कोसळतो. मी पट्टीची किंमत वर्ग करून यंत्राला द्यायला लागलो. हिशेब तंतोतंत नाही, पण आत्याच्या हाताला पट्टी आता नीट लागते.

वेगासाठी स्पीडरेशिओ. १ म्हणजे मूळ गती, ०.७५ म्हणजे पाऊणपट. जुन्या टेपवर गती कमी केली की सूरही खाली उतरायचा. पाऊणपट गतीला शुद्ध मध्यम थेट षड्जावर येतो, कारण त्या दोन स्वरांमधलं नातंच चारास तीन असं आहे. संगणकावर आवाजाचे बारीक तुकडे करून ते एकमेकांवर थोडे चढवत लांबवता येतात, मग गती कमी होते आणि सूर जागचा हलत नाही. शब्द उतरवून घेणाऱ्याला ही सोय फार मोठी आहे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांच्यासारख्या कामात शब्द पकडणारा कान किती वेळा मागे गेला असेल, कितीदा "जरा सावकाश" म्हणाला असेल, हे आत्याशेजारी बसल्यावर मला जाणवलं. असं काम करणाऱ्यांच्या हाती चांगला प्लेअर असणं ही चैन नव्हे. लेखणीला टोक असावं तितकी ती साधी गरज आहे, आणि आपल्याकडे तिच्याकडे कोणी बघत नाही याचं मला वाईट वाटतं.

हीच कामं इतर संचही करतात. नॉर्वेतून १९९५ मध्ये बाहेर आलेल्या क्यूटीचा क्यूमीडियाप्लेअर जागा बदलली की स्वतः वर्दी देतो, टायमर लावावा लागत नाही. २०२० च्या अखेरीला क्यूटीची सहावी आवृत्ती आली तेव्हा आवाज-चित्राचा भाग त्यात नव्हताच, तो पुढच्या वर्षी ६.२ मध्ये परतला. जावाएफएक्सने काम तीन जणांत वाटलंय: मीडिया म्हणजे फाईल, मीडियाप्लेअर म्हणजे वाजवणारा, मीडियाव्ह्यू म्हणजे दाखवणारा. मला ही वाटणी जास्त आवडते. पण आत्याचा लॅपटॉप विंडोजचा आणि डब्ल्यूपीएफ माझ्या हातचं, म्हणून काम तिथेच झालं.

एक सोय मात्र कुठल्याच संचात आयती सापडत नाही. जबलपूर हे १९५६ पासून उच्च न्यायालयाचं शहर. इथे डिक्टेशन टाइप करणाऱ्यांकडे पूर्वी पायाने चालवायचं यंत्र असायचं. पाय उचलला की टेप थांबायची आणि पुन्हा दाबला की थोडी मागून सुरू व्हायची. ऐकणारा नेहमी शब्द निसटल्यावरच थांबतो, हे त्या यंत्राला ठाऊक होतं. मी तेच केलं. पॉज दाबला की पोझिशनमधून दोन सेकंद वजा. पाच सेकंद मागे जायला डावीकडचा बाण. टाइप करायचं नाही, वहीत लिहायचं आहे, म्हणून बटणं मोठी आणि मोजकीच.

परवा आत्या नवव्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर होती. २२ मिनिटं ४१ सेकंद. आजी म्हणते की आपली माणसं होडीतून उतरली ती, आणि मग एक शब्द. आत्याचं म्हणणं ग्वारीघाट, मला ऐकू येत होतं गौरीघाट. बाण दाबला, पुन्हा ऐकलं. गती ०.७५, मग ०.६. त्या शब्दाच्या बरोबर डोक्यावर एक लांब शिटी आहे, छोट्या लाईनच्या गाडीची, गोंदियाकडे जाणारी. ती लाईन २०१५ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली.

मी म्हटलं, शिटी कमी करायची काही युक्ती बघतो. आत्याने हात आडवा केला. "राहू दे ती. अजून एकदा मागं घे."